जॅकवरचं कुंकू

माणसाला चोर म्हणायला काय लागतं? तोंड उघडलं की झालं. तो शब्द परत घ्यायची वेळ आली की मात्र लोकांना मुहूर्त सापडत नाही. मी उभं आयुष्य मोटारींच्या पोटाखाली आडवा पडून काढलं. ग्रीस, काजळी, रस्त्याचा चिखल सगळं अंगावर घेतलं आणि संध्याकाळी सोड्याने घासून टाकलं. पण बुऱ्हाणपुरात एका दसऱ्यानंतर माझ्या अंगावर ‘तेलचोर’ हा शब्द पडला, तो आठवला की या वयातही माझं डोकं तापतं.

मी मूळचा बुऱ्हाणपूरचा नव्हे. सातपुड्यापलीकडच्या एका लहानशा संस्थानात मोटारखान्यावर मिस्त्री होतो. संस्थान टीचभर, पण मोटारींची हौस दांडगी. मग संस्थानं विलीन व्हायला लागली, तसं आमचंही झालं. झेंडा बदलला त्याचं मला वाईट वाटलं नाही. सगळ्यांबरोबर मीही पेढे खाल्ले. पेढे संपल्यावर मोटारखान्याला कुलूप लागलं आणि आतल्या सामानाचा लिलाव पुकारला गेला.

त्या लिलावात बुऱ्हाणपूरच्या एका गॅरेजवाल्या शेठनी आमचा मोठा जॅक घेतला. साधा उभा बाटलीसारखा जॅक नव्हे. चार लोखंडी चाकांवर जमिनीवरून सरकणारा, लांब दांड्याचा, तेलाच्या जोरावर चालणारा जॅक. दांडा खालीवर केला की आतलं तेल दाबलं जायचं, त्या दाबाने एक चकचकीत लोखंडी दट्ट्या पुढे सरकायचा आणि तो जॅकचा हात वर ढकलायचा. कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रकही एका माणसाच्या बळावर जमीन सोडायचा. त्या काळात निमाडभर असा जॅक दुसरीकडे मी तरी पाहिला नाही. शेठनी तो घेतला आणि हे धूड सांभाळणार कोण, म्हणून मला विचारलं, “येतोस का बुऱ्हाणपूरला?” मी आलो. बायकोला घेऊन इतवारा मोहल्ल्यात एका खोलीत बिऱ्हाड केलं. खोली शेठच्याच ओळखीची.

पहिल्या दिवसापासून शेठ गिऱ्हाइकांना हसून सांगायचे, “ज्याक घेतला, त्याच्यासंगं मिस्त्री फोकट मिळाला.” लोक हसत. मीही हसत असे, कारण नव्या गावात नव्या माणसाला दुसरं काय करता येतं? पण मनात म्हणायचो, फुकट मिळालेल्या माणसाकडून तुम्ही दिवसभर काम मात्र विकतच्या बैलासारखं घेता.

काम उदंड होतं. लढाई संपल्यावर विकलेले मिलिटरीचे जुने ट्रक कापसाच्या गाठी वाहायला आले होते. अशीरगडाचा चढ त्यांच्या स्प्रिंगांच्या पाट्यांचा जीव घ्यायचा. एक ट्रक उतरला की दुसरा दारात उभा. आमच्या गॅरेजला भिंती तीन, वर पत्रे, आणि खाली जमीन म्हणजे तापीकाठची काळी माती, वर्षानुवर्षं तेल पिऊन आणखी काळी झालेली. त्या मातीवर घागरभर तेल ओता, घटकाभराने विचारलं तर माती म्हणेल, कुठलं तेल? हे मी गमतीने सांगत नाही. पुढचं सगळं रामायण त्या मातीनेच केलं.

दसऱ्याला गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा झाली. शेठनी जॅक मधोमध ठेवायला लावला आणि पूर्ण वर चढवायला लावला, म्हणजे देखावा भरदार दिसतो. झेंडूच्या माळा घातल्या, पान्यांची आरास मांडली. मला लिंबं देऊन बाहेर पाठवलं. रस्त्यावर उभ्या ट्रकांच्या चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं काम माझ्याकडे. आत आरती झाली, नारळ फुटला, ‘जय’ म्हणून आवाज उठला तो मी बाहेरून ऐकला. आत आलो तेव्हा प्रसाद वाटणं चाललं होतं आणि जॅकच्या उघड्या दट्ट्यावर ओल्या कुंकवाचे बोटबोटभर पट्टे ओढलेले होते.

मी म्हटलं, “शेठ, दट्ट्या पुसून घेतो. कुंकू आत गेलं तर वायसर खराब होईल.”

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताटातला प्रसाद नाकारला. “पूजेचं कुंकू कुणी पुसते का? तुझ्या संस्थानात पुसत असतील. आपोआप जाईल तेव्हा जाईल.”

तिथे हा नियमच होता. दुकानाच्या तराजूवर, गल्ल्यावर, शिवणयंत्रावर दसऱ्याला लावलेलं कुंकू कुणी हाताने काढत नसे. झिजून जाईल तेव्हा जाईल. तराजूला त्याने काही होत नाही हो! पण जॅकचा दट्ट्या म्हणजे तराजू नव्हे. तो तेल अडवून धरणाऱ्या चामड्याच्या वायसरच्या मिठीतून आतबाहेर करतो. त्याच्यावर धुळीचा कणही चालत नाही. हे मी सांगितलं, पण नव्या माणसाचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दिवाळीच्या आधीच जॅक बिघडला. ट्रक वर धरायचा, पण थोड्या वेळाने हळूहळू खाली बसायचा. मी प्रत्येक वेळी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय खाली शिरत नसे, म्हणून हातपाय शाबूत राहिले. आतलं तेल कमी होत होतं. मी शेठकडून ड्रममधलं तेल मागून घ्यायचो आणि भरायचो. आठवड्यात पुन्हा कमी. मग जॅक खोलला. नवं चामडं आणून तेलात मुरवलं, लाकडी साच्यात दाबून वाटीसारखं केलं आणि वायसर बदललं. दट्ट्यावर कुंकू, तेल आणि धूळ यांचा लाल-काळा थर चढला होता. पुसायला फडकं उचललं, तर शेठ मागेच उभे.

“कुंकवाला हात नको लावू.”

मी फडकं खाली ठेवलं. थोडे दिवस जॅक नीट चालला आणि पुन्हा ट्रक खाली बसायला लागला. पुन्हा तेल मागायला गेलो, तेव्हा शेठनी ड्रमच्या तोंडाशी वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत, ड्रायव्हर-क्लीनर उभे असताना म्हणाले, “मिस्त्री, ड्रम आधा झाला. ज्याक तेल पेऊन राहिला, तर ते जाते कुठं? जमिनीवर तर एक थेंब दिसत नाही.”

“गळतंय, शेठ. माती पिते.”

“माती पिते की मिस्त्री पिते, काय माहीत.”

हसले सगळे. मीही सवयीने हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की शेठ हसत नाहीयेत. त्या दिवशी संध्याकाळी ड्रमला कुलूप लागलं. तेव्हा तेलाची टंचाई होती, चोरून विकलं तर घेणारे होते, हे मला कळत होतं. पण मी? संस्थानात ज्याच्या हातात सगळ्या मोटारखान्याच्या किल्ल्या होत्या, तो मी?

शब्दाला पाय फुटायला वेळ लागत नाही. इतवाऱ्याच्या बाजारात भाजीवाला विचारायला लागला, “काय मिस्त्री, तेलपाणी कसं काय?” नळावर बायका माझ्या बायकोला म्हणाल्या, “तुमच्या घरी काय बाई, तेलाचा तोटा नाही.” अरे, अक्कल आहे की नाही? जॅकचं तेल काय कढईत घालून मी भजी तळणार? देवापुढचा दिवासुद्धा त्याने नीट जळत नाही! पण चहाडीला तेलातेलातला फरक कळत नाही. तेल म्हणजे तेल, आणि मिस्त्री म्हणजे परका माणूस.

आणि मग एका दुपारी, मी जेवायला घरी आलेलो, बायकोने भाकरी वाढली आणि तव्याकडे बघतच विचारलं, “अहो, खरं सांगा हं. तुम्ही घेतलं नाही ना?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती वाईट बाई नव्हती, कधीच नव्हती. परक्या गावात पाण्याच्या नळावर रोज एकटी उभी राहून तिने जे ऐकलं, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. पण माझ्या अंगाची लाही लाही झाली. “नाही,” एवढंच बोललो आणि उठलो. भाकरी तशीच राहिली. गॅरेजपर्यंत चालत जाताना मी शेठला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या, की त्या लिहिल्या तर कागद करपेल. बाहेरच्यांचं सोडा. माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे, माझ्या बायकोच्या मनात या माणसाने संशय घातला. तेव्हाच ठरवलं, आता गळती शोधायची ती चारचौघांत, भर उजेडात, शेठच्या डोळ्यांदेखत. मग नोकरी राहो की जावो.

वाटेत मी पांढऱ्याशुभ्र मांजरपाटाचा एक तुकडा घेतला. बुऱ्हाणपूर कापडाचं गाव, कापडाला काय कमी? गॅरेजमध्ये एक गाठींचा ट्रक उभा होता. त्याच्या पुढच्या आसाखाली मांजरपाट अंथरला, त्यावर जॅक सरकवला आणि ट्रक वर घेतला. बाजूला ठोकळे लावले. शेठ गादीवरून ओरडले, “हे काय नवीन सुरू केलं? नवं कापड खराब करून राहिला.”

“कापड माझं आहे, शेठ. तुम्ही फक्त इकडे लक्ष ठेवा. कुणी जॅकला शिवू नका, मीही शिवत नाही.”

मी खरंच लांब जाऊन उकिडवा बसलो. ड्रायव्हरही चहाचे पेले घेऊन बसले. बघता बघता मांजरपाटावर रुपयाएवढा डाग पडला. मग तो बशीएवढा झाला. काळी माती जे इतके दिवस गुपचूप पिऊन टाकत होती, ते पांढऱ्या कापडाने सगळ्यांना दाखवलं. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, “गळते तर खरं, शेठ.” तेवढ्याने माझं समाधान होणार नव्हतं. गळतं हे दिसलं, पण का गळतं? उद्या म्हणतील, मिस्त्रीनेच ढिलं करून ठेवलं.

मी ट्रक ठोकळ्यांवर टेकवला, जॅक बाहेर ओढला. त्याचं सगळं अंग रॉकेलने धुतलं, फक्त दट्ट्या सोडून. कोरडं केलं आणि शेठच्या घरून आणवलेली रांगोळी त्याच्यावर भुरभुरली. मग पुन्हा ट्रकखाली घालून भार दिला. रांगोळी जिथे ओली होईल तिथे गळती. टाकी कोरडी, खालचा नट कोरडा, पंपाचं तोंड कोरडं. दट्ट्या जिथून बाहेर येतो त्या तोंडाशी मात्र रांगोळीचा चिखल झाला.

“वायसर तर नवं आहे,” शेठ म्हणाले. “तूच टाकलं. मतलब तुझंच काम कच्चं.”

हेच मला हवं होतं. जॅक पुन्हा बाहेर घेतला, दट्ट्या पूर्ण बाहेर काढला, रॉकेलमध्ये फडकं बुडवलं आणि त्या लाल थरावर ठेवलं.

शेठ गादीवरून उठून धावत आले. “अरे, अरे! देवीचं कुंकू पुसते! हात काढ! शिवशील तर आत्ताच्या आत्ता चालता हो!”

माझाही तोल गेला. “शेठ, कुंकू पुसल्याचं पाप मी घेतो. तुम्ही मला चोर म्हणालात, त्याचं पाप कोण घेणार आहे?” आणि खसाखसा पुसलं. माझ्या आवाजाने रस्त्यावरचे दोघे-तिघे आत डोकावले. डोकावू देत, म्हटलं. चोर म्हणताना गाव गोळा केलं होतं, आताही होऊ दे.

लोखंड उघडं पडलं. आरशासारखा दट्ट्या, पण वरच्या बाजूला मधोमध बारीक दातांची एक रांग उठलेली. एकामागे एक, सारख्या अंतरावर, करवतीने चावा घ्यावा तशी. मी नख फिरवलं, नख अडकलं. खाचांच्या कडा वर आलेल्या, सुरीसारख्या धारदार. दट्ट्या आतबाहेर झाला की या कडा चामडं सोलत होत्या. शंभर वायसरं घाला, शंभर सोलली जातील. आणि त्या खाचांच्या तळाशी, पुसूनही न निघालेलं, कुंकू होतं. म्हणजे खाचा आधी पडल्या आणि कुंकू वरून भरलं. दोन्ही एकाच दिवशी.

असे दात गॅरेजमध्ये एकाच हत्याराला होते. मी भिंतीवरचा मोठा नळपाना काढून आणला आणि त्याचा जबडा त्या रांगेवर ठेवला. दाताला दात बसला.

म्हाताऱ्या ड्रायव्हरनेच कपाळावर हात मारला. “अरे हो! शेठ, दसऱ्याला नारळ फुटत नव्हता ना तुमच्याने! दोनदा आपटला, फुटेना. मग तुम्ही तो ज्याकवर धरला आन पान्याने हाणला. पहिला दणका फिसलला होता...”

कुणी हसलं नाही. नारळ न फुटणं म्हणजे अपशकुन; चार माणसांसमोर शेठची लाज चालली होती, तेव्हा हाताला लागलं ते हत्यार उचलून त्यांनी घाव घातला. पहिला घाव नारळावरून सटकून दट्ट्यावर बसला, दुसऱ्याने नारळ फुटला, जयजयकार झाला आणि वरून कुंकू फासलं गेलं. मी बाहेर चाकांखाली लिंबं ठेवत होतो. माझी दृष्ट काढायला तिथे एखादं लिंबू जास्त ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

शेठ दट्ट्याकडे बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “मिस्त्री, झालं ते झालं. आता जाऊ दे.”

“जाऊ कसं दे? बोललात तेव्हा बाजूला घेऊन बोलला होतात का? जिथे बोललात तिथेच, त्याच माणसांसमोर बोला.”

शेवटी शेठ वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “तेल मिस्त्रीनं घेतलं नाही. ज्याकच पेत होता.”

बस्स. एवढंच. पाना कुणाच्या हातात होता, हे त्यांच्या तोंडून निघालं नाही. दोष गेला जॅककडे. बिचारं लोखंड, त्याला कुठे नळावर पाणी भरायला जायचं होतं? मी खरं तर तेव्हाच हत्यारं खाली ठेवून निघून जायला हवं होतं, असं मला पुष्कळदा वाटतं. गेलो नाही. गाठींचा ट्रक ठोकळ्यांवर होता आणि पोटही होतंच.

दुसऱ्या दिवशी बारीक दगडाने त्या कडा घासून सपाट केल्या, खाचांमध्ये कथील उतरवून त्या बुजवल्या, वरून बारीक पॉलिश कागद मारला. नख कुठेच अडकेनासं झालं तेव्हा नवं वायसर घातलं. त्यानंतर तो जॅक कित्येक वर्षं थेंबभरही गळला नाही. शेठ गिऱ्हाइकांना काय सांगायचे माहीत आहे? “आमच्या ज्याकवर देवीचा हात आहे.” देवीचा! मी मागे उभा राहून ऐकायचो आणि दात आवळून घ्यायचो.

पण मला सांगायचं आहे ते कुंकू पुसलं त्या संध्याकाळचं. मी घरी गेलो, हातपाय धुतले आणि बायकोला सगळं सांगितलं. मांजरपाट, रांगोळी, पाना, शेठचं ते अर्धंमुर्धं वाक्य. मला वाटलं होतं ती आनंदेल, नळावरच्या बायकांना दोन शब्द सुनावीन म्हणेल. ती तांदूळ निवडत होती, ते निवडतच राहिली. मग ताटाकडे बघून म्हणाली, “मी दुपारी तुम्हाला विचारलं होतं...” तिचे डोळे भरले होते. चोर शेठनी म्हटलं होतं, आणि शरमेने मान खाली घालून बसली होती ती.

सगळ्या जगाकडून शब्द परत मागत फिरणारा माणूस मी. तिच्याकडून मला काही मागवेना. म्हटलं, “काय विचारलं होतंस? मला तर काही आठवत नाही.”

तिने वर पाहिलं. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि तिला कळलंय हे मला कळलं. आमच्या संसारातलं ते पहिलं खोटं. शेठनी मला फुकटात बरंच काही दिलं, त्यातलं हे एक, आणि याबद्दल मी त्यांना कधीच माफ केलेलं नाही.